ताणावर सोडलेल्या संत्र्याच्या पानात काय चालतं

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही धागा लागेल. मोर्शी तालुक्यात तुमच्या दोन बागा. वरची मुरमाड, खालची नाल्याकाठच्या भारी काळ्या जमिनीतली. झाडं एका वयाची, दोन्हीकडे कलमाचा खुंट जंभेरी लिंबाचा. मृग बहारासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी फुलं यावीत म्हणून, मेच्या पहिल्या आठवड्यात दोन्हीकडचं पाणी एकाच दिवशी तोडलं, म्हणजेच झाडं ताणावर सोडली. मे अखेरीस एक अवकाळी सर येऊन गेली. पाऊस लागल्यावर वरच्या बागेत फुलं आली, पण पानगळ इतकी झाली की झाडं उघडी पडली. खालच्या बागेत फूल नाहीच, नुसती लुसलुशीत नवती, म्हणजे नवी पालवी. खालच्या बागेतला मागचा मृगाचा माल भावाच्या आशेने एप्रिलपर्यंत झाडावरच होता, आणि तिथे दुकानदाराने दिलेलं जिब्रेलिकचं (वाढीच्या संप्रेरकाचं) टॉनिकही ताणातच मारलं. तुमचे बाबा म्हणतात ताण कमी पडला. तुम्ही कृषी पदवीधर, तुम्हाला त्यापुढचं हवंय: ताणात झाडाच्या आत रेणूंच्या पातळीवर काय होतं, आणि एकाच तारखेचा ताण दोन बागांत दोन तऱ्हांनी का वागला?

बाबांचं म्हणणं खालच्या बागेपुरतं बरोबर आहे. वरच्या बागेत ताण जास्त झाला, तोही फार झपाट्याने. झाड दिवस मोजत नाही. मुळाशी आणि पानात किती पाणी उरलं, त्यावरून कोणती संप्रेरकं किती बनली, आणि फुलाचा निरोप नेणारं एक प्रथिन डोळ्यापर्यंत (फांदीवरच्या अंकुरापर्यंत) किती पोचलं, यावर डोळा फुलाचा होणार की पानाचा हे ठरतं. तारीख दोन्हीकडे एक होती, पण पानातला हिशेब एक नव्हता.

सुरुवात मुळाशी होते. माती सुकू लागली की बारीक मुळांना ते पानांच्या आधी कळतं. पूर्वी समज होता की मुळं ॲबसिसिक ॲसिड हे तहानेचा इशारा देणारं संप्रेरक तयार करून वर पाठवतात. आता चित्र जरा वेगळं आहे. २०१८ साली जपानी शास्त्रज्ञांनी अरेबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या झाडात दाखवलं की तहानलेली मुळं डझनभर अमिनो आम्लांचा एक छोटा पेप्टाइड वर पाठवतात. त्याचं नाव सीएलई२५. तो पानाच्या शिरांमध्ये पोचला की तिथे एनसीईडी नावाचं विकर वाढतं, आणि ॲबसिसिक ॲसिड मुख्यतः पानातच तयार होऊ लागतं. संत्र्यात हा पेप्टाइड जसाच्या तसा काम करतो असं मी म्हणणार नाही. त्यापुढची साखळी मात्र लिंबूवर्गातही तपासलेली आहे.

हे ॲबसिसिक ॲसिड बनतं कशापासून? कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांपासून, म्हणजे ज्या कुळातल्या रंगांमुळे आपलं संत्रं नारिंगी दिसतं त्याच कुळातून. एनसीईडी हे विकर चाळीस कार्बनचा रेणू तोडतं, आणि त्यातला पंधरा कार्बनचा तुकडा पुढे ॲबसिसिक ॲसिड होतो. स्पेनमध्ये पिनालाटे नावाचा मोसंबीवर्गातला एक नैसर्गिक फेरबदल झालेला वाण आहे. त्याची फळं नारिंगी होत नाहीत, पिवळीच राहतात, आणि त्यांत ॲबसिसिक ॲसिडही कमी असतं. त्या फळाची साल पाणी लवकर सोडते. रंगाचा कारखाना बिघडला की तहानेचा इशाराही बिघडतो.

जाता जाता, वऱ्हाडातल्या माणसाला आवडेल अशी एक गोष्ट. हे संप्रेरक हाती लागलं ते कपाशीत. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथे फ्रेडरिक ॲडिकॉट आणि त्यांचे सहकारी कपाशीची कोवळी बोंडं का गळतात ते शोधत होते, आणि १९६३ साली त्यांनी बोंडांतून हा पदार्थ वेगळा केला. ब्रिटनमध्ये झाडांच्या सुप्तावस्थेवर काम करणाऱ्यांना तोच पदार्थ सापडला होता. १९६७ साली नाव एक ठरलं आणि ते गळतीवरून पडलं. पुढे कळलं की गळतीचं प्रत्यक्ष काम इथिलीन हे दुसरं संप्रेरक करतं. ते खाली येईलच.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे. पेशीत एसएनआरके२ नावाची काइनेज प्रथिनं असतात, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेट जोडून कामाला लावणारी. ताणातली बहुतेक कामं हीच हलवतात. पाणी भरपूर असताना त्यांना मोकळं सोडणं परवडत नाही, म्हणून पीपी२सी नावाची फॉस्फेटेज विकरं त्यांना जागं ठेवणारा त्यांच्यावरचा फॉस्फेट सतत काढून टाकतात. डवरणीच्या बैलाला पिकात तोंड घालू नये म्हणून मुसकं बांधतात, तसा प्रकार. ॲबसिसिक ॲसिड वाढलं की ते पीवायआर नावाच्या ग्राहक प्रथिनाच्या खाचेत बसतं. खाचेवरची झडप मिटते, ग्राहकाचा आकार बदलतो आणि तो पीपी२सीला धरून बसतो. मुसकं सुटतं. एसएनआरके२ जागं होतं.

हे ग्राहक शोधायला फार वर्षं लागली. मधल्या काळात काही दावे आले आणि टिकले नाहीत. २००९ साली कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडचे शॉन कटलर आणि म्युनिकचे एर्विन ग्रिल यांच्या गटांनी ते स्वतंत्रपणे पक्के केले. यातलं रिव्हरसाइडचं विद्यापीठ १९०७ साली सुरू झालेल्या लिंबूवर्गाच्या संशोधन केंद्रापासूनच वाढलेलं आहे. रचना नीट पाहिली तर लक्षात येतं की ताणाचं यंत्र झाडात कायम तयार असतं, फक्त दाबून ठेवलेलं असतं. म्हणून उत्तर मिनिटांत मिळतं, नवीन प्रथिनं बनण्याची वाट बघावी लागत नाही.

पहिलं काम पर्णरंध्रांवर. जागं झालेलं एसएनआरके२ रक्षक पेशींच्या भिंतीलगतच्या पडद्यातली स्लॅक१ ही वाहिनी उघडतं. क्लोराइड, नायट्रेट, मॅलेट असे ऋण आयन बाहेर पडतात, त्यामागे पोटॅशियम जातं आणि त्यामागे पाणी. पेशी ढिल्या पडल्या की रंध्र मिटतं. दुसरं काम केंद्रकात. तिथे काही नियंत्रक प्रथिनं शेकडो जनुकं चालू करतात. प्रोलीन आणि साखरा वाढतात, त्यामुळे पेशी उरलंसुरलं पाणी धरून ठेवते. डिहायड्रिनसारखी प्रथिनं पडदे आणि बाकीची प्रथिनं जपतात. हे दुसरं काम तासांत नाही, दिवसांत पुरं होतं. वरच्या बागेचं दुखणं इथेच आहे.

रंध्र मिटलं की पानाला दुहेरी मार बसतो. घाम थांबल्यामुळे पान हवेपेक्षाही तापतं, आणि मेमध्ये तुमच्याकडे हवाच ४४-४५ अंशांवर असते. शिवाय कार्बन डायऑक्साइड आत येत नाही, पण ऊन तर येतच राहतं. हरितलवकात मोकळे झालेले इलेक्ट्रॉन मग ऑक्सिजनवर जाऊन पडतात आणि सुपरऑक्साइड, त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड असे दाहक रेणू तयार होतात. झाडाकडे त्यावर उतारा आहे: सुपरऑक्साइड डिस्म्युटेज, कॅटलेज, आणि क जीवनसत्त्व वापरणारं ॲस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज. हे दाहक रेणू थोड्या प्रमाणात असले की निरोप्याचं काम करतात, जास्त झाले की पडदे जाळतात.

उष्णतेचं मोजमाप तर फारच हुशारीचं आहे. एचएसपी७० आणि एचएसपी९० ही रक्षक प्रथिनं एरवी उष्माघटक नावाच्या नियंत्रकाला धरून असतात. उन्हाने पेशीतली प्रथिनं वेडीवाकडी होऊ लागली की ही रक्षक मंडळी त्यांना सावरायला धावतात. उष्माघटक मोकळा होतो, तिघं-तिघं मिळून डीएनएवर बसतात आणि आणखी रक्षक प्रथिनं बनवून घेतात. पुरेशी झाली की तीच पुन्हा उष्माघटकाला धरतात आणि काम थांबतं.

मुरमाड जमिनीत पाण्याचा साठाच थोडा. पाणी तोडल्यावर काही दिवसांतच झाड काठावर येतं. प्रोलीन, डिहायड्रिन, उष्मारक्षक प्रथिनं यांची जमवाजमव पुरी व्हायच्या आधीच पानं भाजू लागतात. म्हणून हलक्या जमिनीत ३० ते ३५ दिवसांच्या वर ताण नेऊ नका असं सांगतात, आणि मुरमाड असेल तर मी त्याच्याही आत थांबतो. भारी काळ्या जमिनीला ४५ ते ६० दिवस लागतात. मेमध्ये पाणी तोडून जूनच्या पावसापर्यंत तेवढे दिवस मिळतच नाहीत. खालच्या बागेचा निम्मा निकाल तिथेच लागला.

आता फुलाकडे. डोळ्याला फुलाचा निरोप देणारं प्रथिन म्हणजे एफटी. ते डोळ्यात बनत नाही, पानाच्या शिरांत बनतं आणि अन्नरसाबरोबर डोळ्यापर्यंत जातं. तिथे एफडी नावाच्या जोडीदाराबरोबर बसून फुलाची जनुकं चालू करतं. हे प्रथिन खरोखर पानातून शेंड्यापर्यंत प्रवास करतं हे २००७ साली भातात आणि अरेबिडॉप्सिसमध्ये सिद्ध झालं. लिंबूवर्गात एफटीचं जनुक दोन गोष्टींनी चढतं: थंडीने आणि पाण्याच्या ताणाने. पुन्हा पाणी मिळालं की ते उतरतं, आणि तोवर निरोप पुरेसा पोचलेला असेल तर डोळा फुलाचा होऊनच फुटतो. तसा पोचला नसेल तर त्याच पाण्यावर नवती येते. तुमच्या खालच्या बागेची नवती म्हणजे हे दुसरं.

यातून आंबिया, म्हणजे हिवाळ्यातल्या ताणावर येणारा बहार, आणि मृग यांतला फरकही उलगडतो. आंबियाचा ताण डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा रात्री थंड असतात, म्हणजे एफटी चढवायला दोन कारणं एकदम हजर. पाण्याचा ताण थोडा कमी पडला तरी थंडी भरून काढते. मृगाच्या वेळी थंडी नाही, सगळा भार पाण्याच्या ताणावर, तोही भर उन्हात. म्हणून मृग बहार जमला तर जमला, नाहीतर हुकला. भारी जमिनीत मृग धरण्याचा हट्ट मला कधीच पटला नाही, बाजारभाव कितीही खुणावत असला तरी.

एफटी पानात बनतं याचा आणखी एक अर्थ आहे. ताणात सगळीच पानं गाळून बसलात तर निरोप पाठवणार कोण? पानं काढून टाकलेल्या फांदीवर फुलं कमी येतात हे लिंबूवर्गात दिसलेलं आहे. पूर्ण पानगळ म्हणजे उत्तम ताण, हा गैरसमज वरुड-मोर्शी भागात अजून ऐकू येतो. माझ्या मते पाव हिस्सा पानं गळली की थांबावं. तुमच्या वरच्या बागेत फुलं आली कारण निरोप पानगळीच्या आधी गेला होता. पण पानाशिवाय आलेल्या फुलाची फळधारणा पानासह आलेल्या फुलापेक्षा कमी असते, हेही लक्षात ठेवा.

मे अखेरची सर खालच्या बागेला भोवली ती अशी. पाणी मिळताच झाड साठलेलं ॲबसिसिक ॲसिड मोडायला घेतं. त्यासाठी खास विकर असतं, आणि काही भाग साखरेला जोडून निकामी करून ठेवला जातो. हे सगळं तासांत घडतं. रंध्रं उघडतात, एफटी उतरू लागतं, वाढीची संप्रेरकं वर येतात. वरच्या बागेत मुरमातून ते पाणी दोन दिवसांत निघून गेलं आणि ताण पुन्हा लागला. खाली काळ्या जमिनीने ते धरून ठेवलं.

झाडावर राहिलेल्या मालाचा वाटाही मोठा आहे. फळ लदलेल्या झाडात एफटी दबलेलं राहतं. लिंबूवर्गात सीसीएमएडीएस१९ नावाचं एक रोधक जनुक सापडलं आहे. फळांचा भार असलेल्या झाडाच्या पानांत ते चालू राहतं आणि एफटीला उठू देत नाही. फळांतून येणारं जिब्रेलिन हेही फुलाच्या विरोधात जातं. एक वर्ष भरघोस, दुसरं वर्ष खाली, ही आपल्याकडची जुनी तक्रार बरीचशी इथून येते. एप्रिलपर्यंत माल ठेवून मेमध्ये ताण द्यायचा म्हणजे झाडाला दोन उलट हुकूम एकदम देणं झालं.

आणि ते टॉनिक. जिब्रेलिन हे संत्र्यात फुलाचं विरोधी संप्रेरक आहे. स्पेनमध्ये फुलं जास्त येऊ नयेत म्हणून हिवाळ्यात जिब्रेलिक ॲसिड मुद्दाम फवारतात. तुम्ही ताणात तेच फवारलंत. ज्याने दिलं त्याला हे ठाऊक असायला हवं होतं. जिब्रेलिकला जागा आहे, पण फळ धरल्यानंतर, गळ थांबवण्यासाठी. ताणात उलट जिब्रेलिनची निर्मिती अडवणारं औषध चालतं. क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे आपलं सायकोसिल, जिब्रेलिनच्या साखळीतली अगदी सुरुवातीची कडी रोखतं. भारी जमिनीत झाड ताणावर येत नसेल तर ५० टक्क्यांचं औषध लिटरला २ मिली, १५ दिवसांच्या अंतराने दोन फवारण्या अशी शिफारस आहे. मात्र ते ताणाच्या मदतीला आहे, ताणाऐवजी नाही. जमीन ओली असताना सायकोसिल मारून फुलांची वाट बघणारे पुष्कळ भेटतात.

ताण तोडण्याबद्दल, म्हणजे पुन्हा पाणी देण्याबद्दल, तुम्ही विचारलं नाही, पण तुमची पानगळ पावसानंतरच वाढली, म्हणून सांगतो. ताणात मुळांमध्ये एसीसी नावाचा पदार्थ साठतो. हा इथिलीनचा कच्चा माल. त्याचं इथिलीन व्हायला ऑक्सिजन लागतो. १९९२ साली स्पेनमध्ये क्लिओपात्रा या संत्रावर्गीय खुंटाच्या रोपांवर दाखवलं गेलं की ताणलेल्या रोपाला पाणी दिल्यावर हे साठलेलं एसीसी पाण्याबरोबर वर चढतं, पानांत त्याचं इथिलीन होतं आणि पानं गळतात. म्हणजे पानं सुकून पडत नाहीत, पाणी मिळाल्यावर पडतात. देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर असतो. पानाकडून येणारं ऑक्सिन हे संप्रेरक त्या थराला शांत ठेवतं. ऑक्सिन आटलं आणि इथिलीन वाढलं की सेल्युलेज, पेक्टिनेज ही विकरं पेशींमधला सांधा विरघळवतात.

पहिलं हलकं पाणी आंबवणीचं, मग थोडं जास्त चिंबवणीचं, आणि त्यानंतर पूर्ण पाळी, ही आपली जुनी पद्धत मला म्हणूनच शहाणपणाची वाटते. ताणात बारीक मुळं बरीच मेलेली असतात, त्यांच्यावर एकदम पाणी तुंबलं तर हवा कोंडते आणि डिंक्याच्या बुरशीला आयतं रान मिळतं. मृगात पाणी पावसाच्या हातात असतं, आंबियात आपल्या. आंबियाकडे झुकायला हेही एक कारण.

ताण लागला की नाही हे ओळखायला यंत्र नको. दुपारी पानं मिटली तर त्याचा अर्थ फारसा नाही, उन्हाळ्यात पाणी असलेलं झाडही दुपारी पानं वळवतं. उजाडायच्या आधी बागेत जा. रात्रभर रंध्रं मिटलेली असतात, पानातलं पाणी मुळाशी असलेल्या मातीच्या पाण्याशी जुळतं. संशोधन संस्थांत दाबकुपी लावून पानातल्या पाण्याचा दाब मोजतात तोही याच वेळी. पहाटेही पान वळलेलं, फिकट, हाताला चामट लागलं तर ताण खरा. तिथून पुढे रोज पाहा. खालच्या बागेत तुम्हाला ही पहाट यंदा दिसलीच नसणार.

यंदाचं बोलायचं तर वरच्या बागेत आता पान वाढवणं हेच काम. एक टक्का युरियाची फवारणी करा, पावसाचा खंड पडला तर हलकं पाणी द्या, आणि फळं जास्त लागली तर थोडी काढून टाका. उघड्या झाडाला सगळी पोसणं जमणार नाही.

खालच्या बागेतली नवती वाया गेली असं समजू नका. हीच काडी पिकली की हिवाळ्यात आंबियाची फुलं तिच्यावर येतील. सायला, नागअळी आणि काळी माशी यांपासून ती जपा. नाल्याच्या बाजूने चर काढा, म्हणजे पावसाचं पाणी उतरल्यावर जमीन लवकर मोकळी होईल. नोव्हेंबर अखेरीस ओलिताचं पाणी तोडा. डिसेंबर मध्यापर्यंत पहाटेच्या पानात ताण दिसला नाही तरच सायकोसिलचा विचार करा. आणि बाबांना सांगा, त्या बागेत यापुढे मृगाचा नाद सोडायचा.